नोंदीपूर्वीचा ज्वर

बीड जिल्ह्याच्या कोरोनाविषयक सरकारी तक्त्यात एप्रिल २०२० चा महिना जवळजवळ कोरा आहे. आष्टी तालुक्यातील एका बाधिताची नोंद झाली, त्याच्यावर नगरला उपचार झाले, आणि तेवढा अपवाद वगळला तर मेच्या मध्यापर्यंत, मुंबई-पुण्याकडून भयंकर आकडे येत असताना, या जिल्ह्याच्या नावापुढे शून्य मांडले जात होते. त्या शून्याचे कौतुक झाले, आणि जिल्ह्याच्या हद्दीवरील नाक्यांवर ज्यांनी उन्हातान्हात पहारा केला त्यांचे श्रम पाहता ते अनाठायी होते असे कोणी म्हणणार नाही. तथापि रोग जिल्ह्यात नव्हता हे एक विधान आहे, तो जिल्ह्यात आढळला नव्हता हे अगदी निराळे विधान आहे, आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर उडी घेण्याची जी घाई तेव्हा झाली, ती अद्याप ओसरलेली नाही.

या दोन विधानांमधील अंतर मोजण्याचा एक प्रयत्न लगोलग झालाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ११ मे ते ४ जून २०२० या अवधीत देशातील ७० जिल्ह्यांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी केली. महाराष्ट्रातून त्यासाठी बीड, परभणी, नांदेड, जळगाव, नगर आणि सांगली हे सहा जिल्हे निवडले होते. बीडमध्ये ३९६ जणांचे रक्त तपासले गेले व चौघांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. ती उत्पन्न व्हायला साधारणतः दोन आठवडे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या चौघांना संसर्ग खरोखरच झाला असेल, तर त्याचा आरंभ बहुधा त्या शून्याच्याच मुदतीत कोठेतरी पडतो. पण 'खरोखरच झाला असेल तर' ही अट येथे केवळ शिष्टाचाराची नाही. त्या चाचणीच्या प्रसिद्ध निकषांनुसार संसर्ग न झालेल्या शंभरांपैकी सुमारे दोघांचे रक्त चुकीने होकार देण्याचा संभव होता. ३९६ जणांत ही संख्या सात-आठ होते. म्हणूनच त्या पाहणीत होकारार्थी नमुने दुसऱ्या चाचणीने पुन्हा पडताळावे लागले. तेव्हा चार माणसांच्या साक्षीवरून रोगाच्या प्रवेशाची तिथी ठरविता येत नाही, आणि त्याच चौघांमुळे शून्यही निर्वेध राहत नाही. देशभराचा हिशेब मांडताना संशोधकांनी मेच्या प्रारंभी सुमारे ६४ लाख प्रौढांना संसर्ग झालेला असावा आणि प्रत्येक नोंदलेल्या रुग्णामागे प्रत्यक्ष संसर्ग ८२ ते १३० असावेत असे अनुमान केले. नोंदवही आणि वस्तुस्थिती यांत एवढी तफावत असेल, तर वहीतील पहिल्या नावाला रोगाचा आरंभ समजणे कसे संभवते?

ही तफावत निसर्गाने निर्माण केलेली नव्हती. २० मार्च २०२० पर्यंत चाचणी मुख्यतः परदेशाहून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातील आजाऱ्यांचीच होत असे. म्हणजे ज्याचा पारपत्राशी दूरान्वयानेही संबंध नाही, त्याचा खोकला शासनाच्या लेखी साधा खोकलाच होता. पुढे श्वसनाच्या गंभीर विकाराने रुग्णालयांत दाखल झालेल्यांची तपासणी केल्यावर ५९११ पैकी १०४ बाधित निघाले, आणि त्यांतील ४० जणांचा परदेशप्रवासाशी अथवा ज्ञात रुग्णाशी काहीही संबंध आढळला नाही. शोधाची कक्षा जेथवर जाते तेथवरच रोग दिसतो, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

बीडचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण येथील लाखो माणसे वर्षातील पाच-सहा महिने जिल्ह्यातच नसतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, कारखान्याच्या आवारात वा फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात, आणि नवरा-बायको मिळून एक 'कोयता' या हिशेबाने मुकादमाकडून घेतलेली उचल फेडू लागतात. २०२० च्या टाळेबंदीत राज्यातील ३८ कारखान्यांच्या परिसरात अशी सुमारे एक लाख एकतीस हजार माणसे अडकून पडली होती आणि १७ एप्रिलला शासनाने त्यांना गावी परतण्याची मुभा दिली. आता कल्पना करावी, की त्या फेब्रुवारीत एखाद्या फडात एखाद्या बाईला ताप भरला. कामावर न जावे तर खाडा पडतो, खाड्याचे पैसे हिशेबातून कापले जातात आणि उचल फिटत नाही. म्हणून ती अंगावर ताप काढते व मोळ्या बांधीत राहते. तो ताप कोणत्या विषाणूचा होता, याविषयी मी काहीच प्रतिपादन करीत नाही. हिवाळ्यात ताप-खोकला सर्वत्र असतोच, आणि 'आम्हाला तर हा रोग जानेवारीतच होऊन गेला' असे जे अनेक जण आजही शपथेवर सांगतात, त्यांच्या स्मृतीवर शास्त्राची इमारत उभारता येणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्या बाईच्या आजाराची एकमेव नोंद कोठे झालीच असेल तर ती मुकादमाच्या वहीत, पैशांच्या वजावटीच्या रूपाने झाली असेल. याच जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे चालू होत्या. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती घेतली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झाल्याचे उघड झाले. शरीरावर व्रण ठेवणारी गोष्ट जेथे इतका काळ दप्तरी लागली नाही, तेथे चार दिवसांत ओसरणाऱ्या तापाची दखल कोण घेणार?

शंभर वर्षांपूर्वीची हकीकतही हेच सांगते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा मुंबईतील आरंभ सामान्यतः १० जूनपासून धरतात, कारण त्या दिवशी सात पोलीस शिपाई, त्यांतील एक गोदीवरील पहाऱ्याचा, तापाने इस्पितळात दाखल झाले. पण शिपायांना हजेरीपट होता आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र इस्पितळ होते. त्याच गोदीत ओझी वाहणाऱ्या हमालाला यांपैकी काही नव्हते. रोग प्रथम शिपायांना झाला की शिपायांचाच प्रथम लिहिला गेला, याचा निवाडा त्या कागदावरून होऊ शकत नाही. तेव्हाचा बीड जिल्हा निजामाच्या मुलखात होता, बीड शहराला रेल्वे नव्हती, आणि गावाच्या दप्तराचा भार पटेल-पटवाऱ्यांवर होता. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या शिरगणतीत सुमारे एक कोटी ३३ लाख होती, ती १९२१ मध्ये एक कोटी २४ लाखांवर आली. एवढा मोठा ऱ्हास ज्या दशकाने पाहिला, त्यातील कोणत्या गावी कोणत्या दिवशी पहिला माणूस तापाने पडला हे विचारायला आता कोणीही उरले नाही.

कोरोनाच्या मूळ स्थानीही परिस्थिती फारशी निराळी नाही. वुहानमधील न्यूमोनियाची वार्ता जागतिक आरोग्य संघटनेला ३१ डिसेंबर २०१९ ला कळली. परंतु विषाणूच्या जनुकीय लिपीत होणाऱ्या बदलांच्या गतीवरून मागे मोजीत गेल्यास पहिला मानवी संसर्ग त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हातरी झाला असावा, असे संशोधक सांगतात. हे उत्तर तारखेचे नाही, अवधीचे आहे. आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटते. फ्रान्समध्ये डिसेंबर २०१९ च्या अखेरीस एका रुग्णाचा घेतलेला नमुना पुढे बाधित निघाला, तो केवळ नमुना जपून ठेवला होता म्हणून. जेथे नमुना घेतलाच गेला नाही, त्या कोपीचा भूतकाळ कोणत्याही प्रयोगशाळेला उलगडता येणार नाही.

हा तर्क मी लांबवितो आहे त्याला एक कारण आहे. २०२० च्या वसंतात अनेक गावांनी आपल्या वाटा खणल्या, काटेरी फांद्या आडव्या टाकल्या, आणि स्वतःच्याच परतणाऱ्या माणसांकडे रोगाचे वाहक म्हणून पाहिले. जिल्हा शुद्ध होता व ही माणसे रोग घेऊन आली, या समजुतीचा सारा आधार ते शून्य होते. ज्या दिवशी किती जणांची तपासणी झाली हे त्या शून्याशेजारीच तितक्याच ठळकपणे छापले जाईल, त्या दिवसापासून अशा समजुतीला सरकारी कागदाचा आश्रय मिळणार नाही. ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचा निर्णय शासनाने २०२१ मध्ये घेतला आहे. त्या नोंदणीला कारखान्याच्या आवारातील आजारांच्या नोंदीची जोड द्यावी. मात्र खाडा कायम राहिला तर त्या नोंदीत कोणीही ताप लिहून देणार नाही. म्हणून आजारपणाच्या दिवसाचा खाडा कामगाराच्या हिशेबातून काढून कारखान्याच्या खर्चात घालणे, ही त्या योजनेची पहिली अट असली पाहिजे.