चूक सुधारावी, पण कशी?



दुसऱ्याच्या बोलण्यात अथवा लिहिण्यात चूक दिसली असता ती सुधारावी, की तिच्याकडे कानाडोळा करावा? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्यात आपल्या प्रीतीची व आपल्या गर्वाची परीक्षा होते, असे मला अनुभवाने कळले आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी सेमिनरीतील शिक्षण पुरे करून मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्याच्या मंडळीत नुकताच आलो होतो. व्याकरणाचा अभ्यास ताजा होता, आणि त्याचा अभिमान त्याहून ताजा होता. त्या मंडळीत एक वृद्ध शेतकरी दर रविवारी शास्त्रपाठ वाचीत असत. त्यांना अक्षरओळख प्रौढपणी झाली होती. 'पाणी' ह्यास ते 'पानी' म्हणत, 'कोण' ह्यास 'कोन' म्हणत. एका रविवारी मी त्यांना भर उपासनेत थांबविले आणि म्हटले, "काका, 'कोन' नव्हे, 'कोण'. कोन हा भूमितीत असतो." मुले हसली. काकांनी शब्द सुधारून पाठ पुरा केला. पुढच्या रविवारी त्यांनी पुस्तक माझ्या हाती दिले व म्हणाले, "पाळकसाहेब, तुमीच वाचा. आमची जीभ शेतातली." त्यानंतर ते जिवंत असेपर्यंत पुन्हा वाचावयास उभे राहिले नाहीत. एक शब्द शुद्ध झाला, आणि मंडळीचा एक वाचक गेला.

ह्यावरून शुद्धाशुद्धाचा विचारच सोडून द्यावा काय? तसे मुळीच नाही. 'दिन' म्हणजे दिवस, आणि 'दीन' म्हणजे गरीब. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात जे वर्तमानपत्र काढले त्याचे नाव 'दीनबंधु' असे होते. तेथे पहिली वेलांटी ऱ्हस्व पडली असती, तर गरिबांचा बंधू जाऊन दिवसाचा बंधू उरला असता! 'पीक' शेतात येते, पण 'पिक' म्हणजे कोकिळ. 'शिर' म्हणजे मस्तक, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'सुत' म्हणजे पुत्र, 'सूत' म्हणजे धागा. आणि पुस्तकातील शब्दांची गोष्ट राहू द्या. सातबाराच्या उताऱ्यावर बापाचे नाव एक प्रकारे व दुसऱ्या कागदावर निराळ्या प्रकारे लिहिले गेले, तर वारसाचे काम अडते, आणि गरीब माणसाला मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी खेपा घालाव्या लागतात. अशी चूक पाहूनही जो गप्प राहतो, तो सभ्य नव्हे, निष्काळजी होय.

परंतु आपल्या कानास जे जे खटकते ते सर्व चूकच असते असे नाही. ज्ञानेश्वरी १२९० सालची; मराठीचे छापील व्याकरण विल्यम केरी यांनी श्रीरामपुराहून काढले ते १८०५ साली, आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण निघाले १८३६ साली. भाषा आधी चालली. व्याकरण तिचा माग काढीत नंतर आले. लेखनाचे नियमही बदलत जातात. आपल्या आजोबांना शाळेत 'नाहीं' व 'कीं' ह्यांवर अनुस्वार देण्यास शिकविले होते, आणि 'कवि' ह्यातील वेलांटी ऱ्हस्व होती. पुढे १९६२ साली महाराष्ट्र शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम मान्य केले, १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली, आणि आजोबांचे शुद्ध ते नातवाचे अशुद्ध झाले. म्हणून आजोबा अडाणी होते काय?

बोलीचेही तसेच आहे. ग्रियर्सनसाहेबांनी हिंदुस्थानच्या भाषांची जी पाहणी केली, तिचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या कोकणातील संगमेश्वरी व चित्पावनी ह्या बोलींची नोंद आहे. ठिकठिकाणच्या बोलींचा नमुना घेण्याकरिता त्या पाहणीत उधळ्या पुत्राचा दाखला निवडला होता. त्या दाखल्यातील बापाने पुत्राचे उच्चार तपासले नाहीत. तो दूर असतानाच त्याला ओळखले. काकांचा 'कोन' ही चूक नव्हतीच. ती त्यांच्या आईची बोली होती.

शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील हकिकत आपणांस ठाऊक आहे. यार्देनेच्या उतारावर गिलादी लोक येणाऱ्यास 'शिब्बोलेथ' म्हणावयास सांगत. एफ्राइमी मनुष्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघे, आणि तेवढ्यावरून त्याचा वध होई. असे बेचाळीस हजार पडले. एका अक्षराचे एवढे मोल! आज आपण तलवार धरीत नाही; परंतु चारचौघांत हसून, "असे म्हणतात होय?" असे विचारून, आपणही उतारावर उभे राहतो आणि मनुष्याला अलीकडे येऊ देत नाही.

ह्याच्या उलट प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोची गोष्ट आहे. तो वक्ता होता, विद्वान होता, तरी त्याचे ज्ञान अपुरे होते. अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांनी त्याचे भाषण ऐकले. सभेत उठून त्यांनी त्याला अडविले नाही. त्याला आपल्याकडे घेतले व मार्ग अधिक नीट समजावून दिला. चूक सुधारली, आणि वक्ताही राहिला.

तेव्हा दुसऱ्याची चूक दिसली असता आपल्या मनाला तीन गोष्टी विचाराव्या. ह्या चुकीने अर्थाची अथवा त्या मनुष्याची हानी होते काय? मी हे त्याला एकट्याला सांगू शकतो काय? आणि सांगण्यात लाभ त्याचा आहे, की माझ्या मोठेपणाचा?

शेवटी एक गोष्ट सांगतो. वर सांगितलेल्या प्रसंगाच्या थोडेच आधी, आषाढात, मी प्रार्थनेत "पेरणी चालू आहे, तिला आशीर्वाद दे" असे म्हणालो होतो. त्या वेळी शेतात तरवा काढून लावणी चालली होती. पेरणी केव्हाच होऊन गेली होती. सगळ्या मंडळीला ते समजले असणार. काका सभेत काही बोलले नाहीत. परततेवेळी ते माझ्याबरोबर बांधावरून चालले, वाकून तरव्याची एक जुडी उचलली आणि हळूच म्हणाले, "ही लावनी, पाळकसाहेब. पेरनी मिरगाची." इतकेच. ती चूक मी पुन्हा कधी केली नाही, आणि मला लाजही वाटली नाही.

सुधारणूक कशी करावी हे त्यांनी मला त्या बांधावर शिकविले होते. मी त्यांच्या उच्चारांकडे लक्ष दिले, आणि धडा घेतला नाही.