जकार्डखालची थट्टा

सोलापुरी चादरीवरचा मोर रंगात उतरण्याआधी चौकटींत उतरतो. नक्षीकार ग्राफ पेपर पसरतो, पेन्सिलीने मोराची मान वळवतो, आणि मग त्या वळणाशी तडजोड करत एकेक चौकट भरत जातो. कारण मागाला वक्ररेषा उमगत नाही, भरलेली चौकट आणि रिकामी चौकट एवढेच त्याला कळते. उभी प्रत्येक रांग म्हणजे ताण्याचा धागा, आडवी प्रत्येक ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा. ओळीमागून ओळ वाचत पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात, कार्डे दोरीने एकमेकांना ओवतात, आणि ती लांबलचक माळ मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जकार्डवर चढते. जिथे भोक असते तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा जागच्या जागी उभा राहतो आणि वर जाणारे पाते त्याच्यासकट धागा उचलते. जिथे भोक नसते तिथे पुठ्ठा सुईला मागे रेटतो, आकडा पात्याच्या वाटेतून सरकतो आणि धागा खालीच राहतो. होकार आणि नकार या दोनच अक्षरांत लिहिलेला हा मोर पाहताना माझ्या मनात नेहमी येते, की चित्र काढून यंत्राला आज्ञा देण्याची ही विद्या आपण पडद्यावरच्या रंगीत खेळांनी आत्ता आत्ता शिकलो असे मानतो, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या पत्र्याच्या शेडांत मात्र ती कधीपासून, कुणी कौतुक करायच्या आत, पोटापाण्याला लागलेली आहे.

ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जकार्डने १८०४च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले, तेव्हा त्याच्याआधीच्या कारागिरांनी छिद्रांच्या कागदावर पाऊण शतक डोके घातलेलेच होते. १८३९ मध्ये त्याच शहरात त्याचे एक रेशमी चित्र विणले गेले. त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली. त्याची एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजच्या घरी होती आणि येणारा पाहुणा ते छापचित्र समजून फसत असे. गणकयंत्राची कल्पना ज्या माणसाच्या डोक्यात आकार घेत होती, त्याच्या दिवाणखान्यात ही विणलेली गंमत टांगलेली असावी, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो. १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्याच्या यंत्राचे वर्णन करताना जकार्डच्या फुलापानांचाच आधार घेतला. फुलापानांसारखे बीजगणितही विणता येते, असे तिने लिहिले.

पण या कथेत एक पोरगा आहे, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. जकार्डच्या आधी नक्षीचे कापड विणायला दोघे लागत: एक विणणारा, आणि त्याच्या इशाऱ्यासरशी दोऱ्यांचे झुबके ओढून नेमके धागे वर उचलणारा मदतनीस, बहुधा लहान मुलगा. आपल्याकडच्या जाळ्याच्या मागांवरही असा पोरगा असेच. स्वतः जकार्ड लहानपणी हेच काम करीत असे, असे सांगतात. त्याच्या कार्डांनी त्या पोराची सुटका केली म्हणावे की त्याचा घास हिरावला म्हणावे, हा वाद ल्योंच्या विणकरांनी त्याच काळात रागाने घातला. मला त्यात वेगळेच काही दिसते. आज्ञावली नावाच्या वस्तूने जगात पाऊल ठेवताच पहिली गोष्ट केली ती ही, की विणकराशेजारचा माणूस उठवला. आणि दुसरी गोष्ट केली ती ही, की विणकराला एकट्याने न सुटणाऱ्या अडचणींत टाकून आणखी चार माणसांच्या गळ्यात बांधले. कार्ड फाटते, सुई वाकते, ओवलेली माळ सुटते, ताण्याचा धागा आकड्यापासून कुठे तुटला ते हजारो दोऱ्यांच्या जंगलात सापडत नाही. मग माग दुरुस्त करणारा जॉबर लागतो, वहिफणी करून धागे ओवणारा लागतो, कांडी भरणारी मावशी लागते, आणि शेजारच्या मागावरचा, ज्याचे या बिघाडाशी काहीच देणेघेणे नसते, असा एक माणूस लागतोच लागतो.

एका दुपारचे दृश्य सांगतो. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतली शेड. हवेत सुताची पांढरी लव, आणि माग असे खडखडत होते की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावे लागे. कार्डांची माळ तुटली होती आणि एका नव्या पोराने ती घाईने पुन्हा ओवली होती. ओवताना कार्डांचा एक छोटा गठ्ठा खालवर झाला. कापड पुढे सरकले तेव्हा दिसले, की मोराची चोच तोंडाला नाही, खाली गळ्यातून फुटली आहे. आणि यंत्राची निष्ठा अशी, की एकाच मोराची नव्हे, पन्ह्यातल्या सगळ्या मोरांची तीच गत. पोरगा पांढराफटक पडला. पलीकडच्या मागावरच्या मध्यमवयीन विणकराने आपले दोन्ही माग थांबवले, येऊन कापडाकडे टक लावून पाहिले, आणि स्वतःच्या गळ्याला चिमट्याने दाणा भरवल्याचा असा काही अभिनय केला की समोरच्या ओळीतले तिघेही खाली बसून हसू लागले. "बावा, बरंय की, ह्याला चावायचा त्रास नाही," तो ओरडला. जॉबर येईपर्यंत मोराला कुठल्या डॉक्टरला दाखवावे यावर हातवाऱ्यांनी चर्चा झडली. पोरगाही हसला. तोवर त्या विणकराची बोटे कार्डांवर छापलेल्या आकड्यांवरून चालू लागली होती. त्याने पोराचे बोट धरून त्या चुकलेल्या जागी टेकवले, "नंबर बोल" म्हणाला, आणि पोरगा तेलुगूत एकेक आकडा बोलू लागला.

या विणकराला मजुरी नगावर मिळत होती. थांबलेल्या मागाचे पैसे त्याला कुणी देणार नव्हते. तो वेळ त्याने पोराला दिला आणि त्याविषयी कुणी चकार शब्द काढला नाही. बोलणे झाले ते सगळे मोराविषयी.

मला वाटते, चूक चित्ररूपाने समोर येते तेव्हा तिच्यात एक मूळचे हास्य असते. हिशेबाच्या वहीतली चूक कुणाला हसवत नाही. ती फक्त घाम फोडते. पण गळ्यातून चोच फुटलेला मोर लाजेच्या आधी हसू आणतो, आणि त्या आधीच्या एका क्षणात माणसाला वाचवायला जागा मिळते. हल्ली मुले संगणकाला आज्ञा द्यायला स्क्रॅचवर शिकतात. अमेरिकेतल्या एमआयटीत मिचेल रेझनिक यांच्या गटाने बनवलेले, २००७ पासून जगभर पसरलेले हे साधन. त्यात आज्ञा लिहायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे असतात. त्यातल्या मांजराला चालायला लावून भिंतीला टेकताच परत फिरायला सांगितले, की ते परत फिरते खरे, पण डोके खाली पाय वर करून. ज्या मुलाने हे पहिल्यांदा केले त्याच्या शेजारचे मूल आधी खिदळते आणि मगच, वळण्याची रीत कुठे बदलायची ते बोटाने दाखवते. क्रम हाच असतो. चादरीच्या शेडेतही तोच होता.

रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. काही नात्यांत एकाला खोडी काढण्याची मुभा असते आणि दुसऱ्यावर न रागावण्याचे बंधन असते. जिथे जवळीक हवी पण संघर्षाचे बीजही आहे, तिथे समाज असा मधला मार्ग काढतो, असे त्याचे साधारण म्हणणे. आपल्याला हे समजायला आफ्रिकेपर्यंत जायला नको. मेहुणा आला की घराचा सूर बदलतो, हे आपण जन्मापासून पाहतो; आणि मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या दक्षिणी रीतीत तर आत्येमामेभावंडांची थट्टा म्हणजे अर्धी सोयरीकच. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी सोलापुरात आलेल्या पद्मशाली विणकरांनी ते नातेच जणू शेडेत आणून बसवले. ज्याला बावा म्हटले तो मेहुणा किंवा आतेभाऊ असतोच असे नाही. पण त्याची खोडी काढता येते, आणि त्याचा माग अडला की धावून जावे लागते.

उपकाराला वजन असते. मदत घेणारा माणूस किंचित वाकतो, आणि हे वाकणे दोघांनाही ठाऊक असले की मैत्रीत एक सूक्ष्म उतरंड तयार होते. म्हणून कुणी फार गंभीर चेहऱ्याने मदत केली तर मला त्याची धास्ती वाटते. तो मनातल्या मनात वही उघडून बसला आहे असे वाटते. थट्टा ती वही मिटवते. मी तुझे काम केले, पण त्याबदल्यात तुझ्या मोराला हसून घेतले. हिशेब फिटला, संध्याकाळचा चहा ज्याचा त्याने प्यावा. एवढा नितळ व्यवहार मी सज्जनांच्या सभांत क्वचितच पाहिला आहे.

या गावाला हे नवे नाही, कारण या गावाची मुळातली कथाच एका मदतीची आणि एका थट्टेची आहे. बाराव्या शतकात हे सोन्नलगी होते, आणि सिद्धराम नावाचा शिवयोगी इथे लोकांसाठी तळे खोदवत होता. आजही गावाच्या मधोमध त्याचे पाणी सिद्धेश्वराच्या देवळाला वेढून आहे. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात कथा येते, की अल्लमप्रभू नावाचा शिवभक्त संत तिथे पोहोचला आणि कामावरच्या माणसांना त्याने विचारले, तो वड्डर रामय्या कुठे आहे? लोककल्याणाच्या एवढ्या मोठ्या पुरुषाला त्याने निव्वळ माती खोदणारा ठरवले. लोक खवळले, दगड फेकू लागले. दगडांची रास झाली पण अल्लमाला एकही लागला नाही. सिद्धराम चिडून आला आणि शेवटी त्याच अल्लमासोबत कर्नाटकातल्या कल्याणला गेला.

ही कथा वाचताना मी कधी एका बाजूला झुकतो, कधी दुसऱ्या. ज्याने मातीची एक पाटी उचलली नाही, त्याने पाटी वाहणाऱ्यांच्या पुढाऱ्याला हिणवावे हे मला खटकते. दगड उचलणाऱ्यांची बाजू मला कळते. पण अल्लमाला दिसले होते ते त्यांना दिसले नव्हते: दुसऱ्यांसाठी तळे खोदणाऱ्याच्या मनात हळूहळू आपल्याच थोरवीचे पाणी साचते, आणि ते उपसायला सांत्वन कामाचे नसते, एक बोचरा शब्द लागतो. सिद्धरामाला तो सोसला, इतकेच नव्हे तर त्याने तो उचलला. पुढे त्याची वचने आली. तळेही राहिले, हे विशेष. थट्टेने काम मोडले नाही.

तरीही प्रत्येक थट्टेला अल्लमाची पुण्याई लावू नये. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चार भाषा एकाच चौकात बोलल्या जातात, आणि चार भाषा म्हणजे चाळवायला चार जखमा. उच्चारावरून, जातीवरून, बायकोच्या विड्यांच्या कामावरून केलेली मस्करी मी ऐकली आहे. तिच्यात मोर नसतो, माणूसच असतो. आणि शेडेत एखादा असा असतो की सगळ्यांची गंमत त्याच्याच डोक्यावर चालते, त्याला परत बोलण्याची पाळी कधी येत नाही. ज्या थट्टेत पाळी फिरत नाही ती थट्टा नव्हे, कर आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींचे हसणे सारखेच ऐकू येते, त्यामुळे आत राहिल्याखेरीज यावर बोलणे अवघड. मी आत नव्हतो. कोपऱ्यात उभा होतो.

आता चादरीपेक्षा टेरी टॉवेलचा बोलबाला अधिक आहे, आणि पुठ्ठ्यांच्या माळा कित्येक ठिकाणी रद्दीत गेल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, नकली चादरींचा बाजारही वाढला. ते सगळे वेगळ्या लेखाचे. नवे जकार्ड इलेक्ट्रॉनिक असते. नक्षी संगणकाच्या पडद्यावर चौकटींतच भरतात, पण ती मागापर्यंत पेन ड्राइव्हमधून जाते. ओवायचे काही उरत नाही, म्हणून उलटे ओवले जाण्याची सोयही उरत नाही. बिघडले तर यंत्राच्या पडद्यावर एक आकडा उमटतो आणि परगावच्या तंत्रज्ञाला फोन लावावा लागतो.

अशाच एका शेडेत येणारा तंत्रज्ञ आधी फार अदबीने बोलायचा. काम चोख, पावती चोख, चहा नको म्हणायचा. विणकरांना हे जड जाई. त्याचे काय करावे ते कुणाला कळेना. मग एका म्हाताऱ्या जॉबरने शोध लावला, की हा वर्षातून दोनदा येतो, आला की सगळे काम थांबवून त्याच्याभोवती उभे राहावे लागते, खुर्ची द्यावी लागते, आणि जाताना पाकीटही द्यावे लागते. म्हणजे हा जावईच झाला. पुढच्या खेपेला शेडेच्या दारातच त्याला कुणीतरी ओरडून विचारले, "जावईबापू, लेकीला आणलं नाही का?" तो गडबडला, पिशवी खाली ठेवली, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा हसला. हल्ली मशीन अडले आणि फोन केला, की पलीकडून आधी आवाज येतो, "बोला सासरेबुवा, काय मोडलंत?"