दोनचाकी मत, सहाचाकी मत

माझी नीतिमत्ता रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बदलते. स्थळ स्वारगेट. तोपर्यंत मी सायकलस्वार असतो, त्यानंतर बसचा उतारू.

घर सहकारनगरला, बँक हडपसरला. सगळं अंतर सायकलनं कापण्याइतके गुडघे आता शिल्लक नाहीत. म्हणून तडजोड काढली. स्वारगेटपर्यंत सायकल, पुढं बस. अमेरिकेत बऱ्याच शहरांत बसच्या नाकावर रॅक असतो, त्यात दोन-तीन सायकली बसतात. आपल्याकडे माणसंच दारात लोंबकळतात, तिथं सायकलीनं कुठं बसावं? ती मी एका चहाच्या टपरीमागं कुलूप लावून ठेवतो, त्या कुलपाच्या भाड्यापोटी रोज एक चहा पितो.

सायकलवर असताना माझं मत पक्कं असतं: बसड्रायव्हर ही जमात माणुसकीला पारखी झालेली आहे. थांबा आला की ते धूड मागून येतं, पुढं जातं आणि डावीकडं घुसतं. आता आपण काय करायचं? डावीकडून जावं तर बस आणि फुटपाथ यांच्यामध्ये चिक्की. उजवीकडून जावं तर मागच्या रिक्षाचा प्रसाद. थांबावं तर धूर. पुणं हे एके काळी सायकलींचं शहर होतं, हे मी त्या धुराला ठणकावून सांगतो.

मग बसमध्ये खिडकीची जागा मिळते आणि पूलगेट येईपर्यंत मत पालटतं. साठ माणसांची बस एका सायकलवाल्यासाठी रखडावी, हा कुठला न्याय?

गेल्या महिन्यात फातिमानगरच्या अलीकडं ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. उभे होते ते एकमेकांच्या अंगावर, माझा डबा समोरच्या बाईंच्या पायावर. पुढं एक म्हातारा, सायकलच्या कॅरिअरला पोतं. सगळी बस ओरडू लागली. मीही मान बाहेर काढली आणि ज्या आवाजात 'पुढच्या काउंटरला जा' म्हणतो त्याच आवाजात ओरडलो, "ओ आजोबा, मरायचंय का?"

म्हाताऱ्यानं एक पाय रस्त्यावर टेकला, वर पाहिलं आणि धापा टाकत एवढंच म्हणाला, "जागा कुठंय, साहेब?"

हे वाक्य माझं होतं. आदल्याच दिवशी मी ते एका बसच्या खिडकीकडं बघून म्हटलं होतं. फरक इतकाच, की मी 'साहेब' म्हटलं नव्हतं.

जॉन रॉल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1971 साली न्यायावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं, समाजाचे नियम ठरवताना आपल्या वाट्याला कोणती जागा येणार हे आपल्याला ठाऊकच नाही, असं धरून चालावं. म्हणजे नियम सगळ्यांना सोसतील असे होतात. मला तर कल्पनाही करावी लागत नाही. दोन्ही जागा मी रोज भोगतो. तरी मी निःपक्षपाती झालो नाही. दोन्हीकडून पक्षपाती झालो! बी.कॉम.ला शिकलो होतो की प्रत्येक व्यवहाराच्या नोंदी दोन, एक जमा, एक नावे. बँकेत ते कधी चुकलं नाही. स्वतःच्या मतांची वही मात्र एकेरी ठेवली: जमा सगळं मला, नावे सगळं समोरच्याला.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. त्या बसमध्ये न ओरडलेला माणूस एकच होता. ज्यानं ब्रेक मारला तो. तोच, माणुसकीला पारखा.

उतरताना मी त्याला म्हटलं, "ब्रेक बरा मारलात हो."

"उतरा लवकर," तो म्हणाला, "सिग्नल सुटलाय."

त्या संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना एक बस नेहमीप्रमाणं माझ्यापुढं डावीकडं घुसली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. धूर तेवढाच होता. पण तोंड मिटलेलं असल्यामुळं आत थोडा कमी गेला.