खोलीत दुसरं कोण असेल?

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ८०



सुदामा द्वारकेला पोचला. पोह्यांची पुरचुंडी अजून त्याच्याजवळच आहे, ती उद्याच्या अध्यायात सुटेल. आज भगवंतांनी त्याला आपल्या पलंगावर बसवलं, त्याचे पाय धुतले, आणि मग दोघं हातात हात घेऊन जुन्या गोष्टी काढून बसले. गोष्टी कुठल्या? राज्याच्या नाहीत, लढायांच्या नाहीत. सांदीपनींच्या घरी शिकायला राहत होतो तेव्हाच्या. गुरुपत्नीनं सरपण आणायला पाठवलं, अवेळी पाऊस आला, अंधार पडला, उंचवटा कुठला नि खड्डा कुठला कळेना, आणि दोघं एकमेकांचा हात धरून, डोक्यावरच्या ओझ्यासकट रानात भटकत राहिले. सूर्य उगवल्यावर गुरुजी शोधत आले.

हा अध्याय मी दरवर्षी वाचतो. यंदा वाचताना डोळ्यांसमोर द्वारका नव्हती. आमच्या आपट्यातलीच एक मुलगी होती.

परवा संध्याकाळी तिचे आईवडील तिला घेऊन माझ्याकडे आले. बाहेर धो धो पाऊस, पाताळगंगा गढूळ होऊन वाहतेय, तिघांच्या छत्र्या ओट्यावर निथळत ठेवलेल्या. वडील माझे जुने विद्यार्थी, रसायनीला कारखान्यात आहेत. मुलीला पुण्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला. घरातून शिकायला बाहेर राहणारी ही पहिलीच. प्रवेशाचं पक्कं झालं, आता प्रश्न राहायचा. दोन वसतिगृहांचे फॉर्म प्लास्टिकच्या एका फोल्डरमध्ये घालून आणले होते.

एक वसतिगृह त्यांच्या ज्ञातीच्या ट्रस्टचं. फी कमी, जेवण घरच्यासारखं, संध्याकाळी प्रार्थना, ट्रस्टींपैकी एकजण लांबच्या नात्यातले. कॉलेजला मात्र बस बदलून जावं लागतं. दुसरं कॉलेजचं स्वतःचं. वर्गापासून पाच मिनिटं, पण एका खोलीत तिघी, आणि त्या कोण हे यादी लागेपर्यंत कळत नाही. मेसचे पैसे वेगळे. एकूण खर्च पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट.

"गुरुजी, पैशाचं मी बघेन कसंतरी," वडील म्हणाले, "पण संगत महत्त्वाची. ट्रस्टच्या होस्टेलला सगळ्या आपल्यातल्या मुली आहेत. इकडे खोलीत कोण येईल कुणास ठाऊक."

आई म्हणाली, "आणि अभ्यासाला शांतता नको का? गीतेत पण एकांत सांगितलाय, तुम्हीच सांगता ना."

सांगतो खरा. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात, त्यात एकांताची आवड आहे, माणसांच्या गर्दीत मन न रमणंही आहे. पण ती यादी पुन्हा एकदा उघडून बघा. तिची सुरुवात होते मानाची हाव नसण्यापासून, मग दंभ नसणं, अहिंसा, क्षमा, सरळपणा. एकांत येतो तो बराच पुढे, शेवटाकडे. ज्याचा 'मी' अजून सुटलेला नाही त्याला एकांत दिला तर तो एकांतात काय करणार? स्वतःचंच कौतुक. हे मी त्या माऊलीला बोललो नाही, पाहुण्यांना असं बोलू नये. पण मनात आलं.

वडिलांची काळजीसुद्धा खोटी नाही. सतत ज्याचं चिंतन करावं त्याची ओढ लागते, ओढीतून हवेपण, हवेपणातून राग, आणि तिथून घसरण, हा दुसऱ्या अध्यायातला उतार आपण सगळे पाठ म्हणतो. अठराव्या वर्षी पहिल्यांदा घराबाहेर राहणाऱ्या मुलीच्या बापाला तो उतार दिसला नाही तरच नवल. तेव्हा 'संगत बघून राहा' हा सल्ला चुकीचा नाही. मला खटकतं ते एवढंच की आपण तो नेहमी एकाच बाजूनं देतो. माझ्या मुलीला कशी संगत मिळेल हे प्रत्येक आईबाप विचारतात. माझी मुलगी त्या दुसऱ्या मुलीला कशी संगत होईल, हे विचारायला माझ्याकडे आजवर कुणी आलेलं नाही. जी कुणी खोलीत येणार आहे तिचेही आईबाप कुठल्या तरी गावात असेच काळजी करत बसले असतील. त्यांच्या लेखी आपली मुलगीच 'कुणास ठाऊक कोण'.

सांदीपनींच्या घरी कुणी कुणाला निवडलं होतं? यदुकुळातली दोन मुलं आली, गरीब ब्राह्मणाचा मुलगा तिथे होता, सरपणाला पाठवताना गुरुपत्नीनं घराणं विचारलं नाही. बरं, किती दिवसांचा हा सहवास? भागवतातच आधी, पंचेचाळिसाव्या अध्यायात, सांगितलंय की रामकृष्णांनी चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकून घेतल्या. म्हणजे दोन महिने फक्त. आपल्या मुलांचं एक सेमिस्टरसुद्धा त्याहून मोठं असतं. आणि पुढे एवढं आयुष्य गेल्यावर, द्वारकेच्या राजवाड्यात, त्या दोन महिन्यांतली आठवायला काय निघतं? शिकलेल्या कला नाहीत. भिजलेली एक रात्र.

कीर्तनात एक गोष्ट हमखास सांगतात. गुरुपत्नीनं दोघांसाठी दिलेले चणे सुदाम्यानं अंधारात एकट्यानं खाल्ले, आणि 'काय खातोस' म्हटल्यावर थंडीनं दात वाजताहेत म्हणून सांगितलं. आजच्या अध्यायात ही गोष्ट नाही, कुणी शोधत बसू नका. पण लोकांनी ती जोडली त्यामागे अनुभव आहे. एका खोलीत राहिलेल्या प्रत्येकाला ते चणे माहीत असतात. खाणारा म्हणूनही आणि उपाशी राहिलेला म्हणूनही.

आता कुणी म्हणेल, गुरुजींचं ठरलंय, मिसळून राहा म्हणणार. थांबा. इतकं सोपं असतं तर राजर्षी शाहू महाराजांना ते आधी कळलं असतं. कोल्हापुरात त्यांनी १८९६ साली सगळ्या जातींच्या मुलांसाठी मिळून एक वसतिगृह काढलं होतं. दार सर्वांना उघडं होतं, पण आत मुलं राहिली ती जवळजवळ सगळी एकाच वर्गाची. बाकीच्यांना त्या उघड्या दारातून आत जायला बळच नव्हतं. म्हणून महाराजांनी उलट वाट धरली. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग लिंगायतांचं, मुसलमानांचं, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार वसतिगृहं काढणारा हा राजा जातीचा अभिमानी नव्हता. ज्या मुलाला आजवर कुठल्याच छपराखाली जागा नव्हती त्याला आधी एक छप्पर हवं, जिथे त्याला कुणी हसणार नाही, हे त्यांनी ओळखलं. आजही एखादी मुलगी 'मला माझ्या लोकांत राहायचंय, इतरांचे टोमणे नकोत' म्हणाली तर तिला संकुचित म्हणायचा अधिकार मला नाही.

आणि याच कोल्हापुरात दुसरी बाजूही घडली. जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक मुलगा राहत होता. राहायची सोय, जेवण, शिस्त, सगळं आपल्यातलं. तो मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेला. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध हो म्हणून सांगितलं, त्यानं नकार दिला, आणि बोर्डिंग सोडावं लागलं, असं चरित्रांत सांगतात. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. ज्या छपरानं त्याला सगळं दिलं, त्या छपरानं एकच गोष्ट मागितली. एक बादली पाणी. तेवढं अंगावर ओतून घेतलं असतं तर पुढची वर्षं सुखात गेली असती.

भाऊरावांनी पुढे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला नाव मिळालं छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस. जातवार बोर्डिंगं काढणाऱ्या राजाचं नाव सगळ्यांच्या एकत्र बोर्डिंगला! मला यात विसंगती दिसत नाही. मुलांच्या जेवणाला पैसे नव्हते तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीनं, दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही. आपल्या पनवेलचं महात्मा फुले कॉलेज त्याच रयतचं. आपट्याहून रोज गाडीनं जाऊन तिथे शिकलेली किती माणसं या गावात आहेत.

इतकं सगळं मी त्या तिघांना सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही, ती इथे लिहितो.

१९७४ साली मीही वसतिगृहात राहिलो. कुठल्या, ते राहू दे. खोलीत दोघं. दुसरा मुलगा मराठवाड्याकडचा, दलित वस्तीतून आलेला. स्वभावानं शांत, पहाटे उठून वाचायचा, माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. दुसऱ्या मजल्यावर माझ्या ओळखीची, 'आपल्यातली' मुलं होती. त्यांनी हळूहळू कुजबूज सुरू केली, तू तिथं कसा राहतोस. मला राहायला काही त्रास नव्हता. तरी तिसऱ्या आठवड्यात मी रेक्टरांकडे अर्ज दिला की खिडकीतून वारा येतो, मला सर्दीचा त्रास आहे, खोली बदलून द्यावी. मिळाली. सामान हलवायच्या दिवशी माझी लोखंडी ट्रंक मला एकट्याला उचलेना. तो म्हणाला, "जड आहे, एका बाजूनं मी धरतो." आणि त्यानं ती दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचवली. दारात टेकवली, आत आला नाही. सर्दीला आल्याचा काढा घे, असंही म्हणाला.

त्याला खरं कारण कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. कळलं नसेल तर मी फसवलं. कळलं असेल तर त्यानं जाणूनबुजून ती ट्रंक उचलली. सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन हात न सोडणारे ते दोघं वाचताना मला दरवर्षी ती ट्रंक आठवते. त्या अध्यायातला मी कोण, हे मी विचारत नाही. उत्तर ठाऊक आहे. आणि आयुष्यभर शाळेत मुलांना समतेचे धडे दिले ते याच तोंडानं. नंतर त्याचा पत्ता शोधायला हवा होता, शोधला नाही. पहिली काही वर्षं लाज म्हणून, नंतर उशीर झाला म्हणून.

तर परवा चहा झाल्यावर वडील म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच एक सांगून टाका. तुम्ही म्हणाल तिथं घालतो." मी मुलीकडे बघितलं. तोवर ती एक अक्षर बोलली नव्हती. मी म्हटलं, "बाळ, तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "आजोबा, मी दोन्हीकडे फोन करून एकच विचारलं. वर्गातली दुसरी कुणी मैत्रीण एखाद्या दिवशी माझ्याबरोबर जेवायला आली तर चालेल का?"

"मग?"

"कॉलेजच्या मेसवाल्या म्हणाल्या, गेस्टचं कुपन घ्यायचं. ट्रस्टच्या बाईंनी आधी विचारलं, मैत्रीण आपल्यातलीच ना? मी म्हटलं, माहीत नाही, अजून भेटलेच नाही तिला. त्या म्हणाल्या, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, मीटिंगमध्ये ठेवते."

वडील तिच्याकडे बघतच राहिले. हा फोन त्यांना माहीत नव्हता. आईनं कप गोळा करायला घेतले.

मी निर्णय दिला नाही. सगळी गीता सांगून झाल्यावर भगवंतसुद्धा अर्जुनाला शेवटी म्हणतात की याचा पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. युद्धाच्या मैदानात, समोर सैन्यं उभी असताना! मी तर पेन्शनीत निघालेला मास्तर. वडिलांना एवढंच म्हटलं, "तू विचारायला आलास ते तुझं चुकलं नाही. पण फॉर्मवर सही तिची आहे." ते जरा नाराज झाले, मला दिसलं. दुप्पट खर्च त्यांना भरायचाय, मला नाही. हे विसरून बोलणं सोपं असतं. ट्रस्टच्या बाईंबद्दलही मी मन कलुषित करून घेत नाही, मीटिंगमध्ये ठेवते म्हणाल्या, 'नाही' म्हणाल्या नाहीत.

निघताना मी गमतीनं म्हटलं, आपल्या आपटा स्टेशनावरच सिनेमातल्या बापानं मुलीचा हात सोडला होता. 'दिलवाले दुल्हनिया'चा शेवट १९९५ च्या त्या सिनेमासाठी इथेच चित्रित झाला, हे गावातल्या पोरासोरांना पाठ. मुलगी हसली. वडील म्हणाले, "गुरुजी, तो सिनेमा होता."

आज सकाळच्या गाडीनं दोघं पनवेलला आणि तिथून पुढे पुण्याला गेले. पाऊस होताच. फोल्डरमध्ये अजून दोन्ही फॉर्म होते, असं तिची आई दूध घेताना म्हणाली. कुठला भरणार ते मी विचारलं नाही.

उद्याचं वाचन : दशम स्कंध, अध्याय ८१.