मुलाची कैफियत

1945 च्या जानेवारीत, इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील एका शेतवाडीवर, डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा पालनकर्त्यांच्या मारहाणीने आणि उपासमारीने मरण पावला. त्याला ताब्यात घेतले होते न्यूपोर्टच्या नगरपालिकेने आणि शेतवाडी होती दुसऱ्याच परगण्याच्या हद्दीत. त्यामुळे देखरेख नेमकी कोणाची, याविषयी दोन्ही कचेऱ्या एकमेकींवर हवाला ठेवून राहिल्या. त्याच घरात त्याचा धाकटा भाऊ होता. पुढे खटल्यात त्या पोराने साक्ष दिली. म्हणजे सांगण्यासारखे सारे त्याच्यापाशी होते, परंतु ज्याच्यापुढे ते निर्भयपणे बोलावे असा माणूस त्याला भाऊ गेल्यानंतरच भेटला.

पुढे 1946 साली अशा मुलांच्या संगोपनाविषयी मायरा कर्टिस यांच्या समितीचा अहवाल आला, 1948 चा बालक अधिनियम झाला, स्थानिक संस्थांत बालक अधिकारी नेमले गेले. हे कार्य मोठेच होते. तथापि त्याच्या मुळाशी कल्पना होती ती तपासणीची. तपासनीस येतो, अंथरुणे पाहतो, दप्तर चाळतो, शेरा लिहून निघून जातो.

1969 च्या अधिनियमात मात्र एक निराळेच कलम अवतरले. ज्या मुलाकडे वर्षभरात आईबाप फिरकलेले नाहीत, त्याच्यासाठी बाहेरचा एक भेटकर्ता नेमावा आणि त्याने मुलाला भेटावे, सल्ला द्यावा व त्याच्याशी मैत्री करावी, असे त्यात म्हटले होते. 1989 च्या अधिनियमानेही हीच तीन कर्तव्ये कायम ठेवली. मैत्री का कोठे फर्मानाने होते, असे कोणी विचारील. मला वाटते, फर्मानाने मैत्री होत नाही, पण तिच्यासाठी दार उघडे ठेवता येते. ज्या मुलाला जेवू घालणारा, झोपविणारा, शाळेत पोहोचविणारा प्रत्येक जण पगारी आहे, त्याच्याकडे एक माणूस बिनपगारी, केवळ त्याच्याचसाठी, ठरल्या दिवशी येतो, ही गोष्ट त्या मुलाच्या हिशेबात फार मोठी असते.

परंतु स्नेही मिळाला म्हणजे वाचा मिळालीच असे नव्हे. उत्तर वेल्समधील बालगृहांत 1974 नंतर मुलांवर झालेल्या अत्याचारांची न्यायमूर्ती वॉटरहाउस यांनी चौकशी केली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालातून दिसले की तक्रारी दडपल्या जात होत्या, कारण ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्यांच्याच कानावर ते घालावे लागे. 2002 च्या कायद्याने तक्रार करू इच्छिणाऱ्या मुलासाठी स्वतंत्र कैवाऱ्याची तरतूद केली. या कैवाऱ्याची मर्यादा हेच त्याचे सामर्थ्य आहे: मुलाचे हित कशात आहे हे तो ठरवीत नाही, अधिकारी, डॉक्टर, न्यायाधीश ते ठरवावयास समर्थ आहेत. मूल काय म्हणते ते, स्वतःला पटो वा न पटो, तो त्याच्या वतीने मांडतो. हित आणि म्हणणे यांतील हा भेद ध्यानी यावयास एका प्रगत राष्ट्राला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, याचे मला दुःख होते.

आपल्याकडे 1992 साली भारताने बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, ज्याचा बारावा अनुच्छेद मुलाच्या मताला वजन द्या म्हणून सांगतो. 2015 च्या बालन्याय अधिनियमाखाली बालकल्याण समित्या आहेत, नियमांत बालगृहातल्या मुलांच्या समित्या आणि सूचनापेटीही आहे. एका बालगृहात ती पेटी मी पाहिली. अधीक्षकांच्या दाराशेजारी, त्यांच्या खुर्चीतून सहज दिसेल अशी टांगलेली होती. कुलपावर धूळ होती, आणि पलीकडे ओट्यावर बसलेला दहाअकरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे नव्हे, माझ्या हातातल्या पिशवीकडेही नव्हे, तर फाटकाकडे पाहत होता.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात पीडित बालकाला सहायक व्यक्ती देण्याची सोय 2020 च्या नियमांनी केली आहे. तीच सोय बालगृहातल्या प्रत्येक मुलापर्यंत पोहोचावी, अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे आपण केली पाहिजे. आणि तोवर, वाचकहो, आपल्या गावी बालगृह असेल तर रीतसर परवानगी काढून जा. वाढदिवसाचा केक घेऊन एकदाच नव्हे, एका मुलासाठी, ठरलेल्या वारी, वर्षानुवर्षे.