पावसाची प्रार्थना आणि पाण्याचा हिस्सा

१ जानेवारी १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती बांधवांच्या सभेपुढे बोलले. त्या भाषणाचा उल्लेख आपल्याकडे होतो तो बहुधा त्यातील एका भागापुरताच. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांविषयी त्यांनी त्या दिवशी जो आदर व्यक्त केला, तो मंडळींना साहजिकच सुखावणारा होता. परंतु त्याच भाषणात त्यांनी दक्षिणेतील ख्रिस्ती देवळांत टिकून राहिलेल्या जातिभेदाकडे बोट दाखवले, शिकल्यासवरलेल्या ख्रिस्ती माणसाने खेड्यातल्या आपल्या बांधवांवर होणाऱ्या अन्यायाच्या निवारणार्थ काय केले असा रोकडा सवाल केला, आणि राजकारणापासून अलिप्त राहणे हे धार्मिकतेचेच एक अंग मानणाऱ्या त्या समाजाला, अडाणी म्हणून हिणवले गेलेले अस्पृश्य संघटित होऊन आपले हक्क पदरात पाडून घेत असता तुम्ही मात्र मागे राहिलात, असे बजावले. भाषणाचा हा भाग मंडळींच्या स्मरणिकांत सहसा उतरत नाही.

सवाल कोणत्या गावात विचारला गेला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. गिरण्यांच्या भोंग्यांवर उठणाऱ्या आणि झोपणाऱ्या त्या सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या होत्या, वोरोनोको शाळेत मुली शिकत होत्या, आणि दुष्काळात पोरक्या झालेल्या लेकरांना मिशनच्या आवारात छत्र मिळाले होते; हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याच गावात तारेच्या कुंपणाआड कैकाडी, टकारी, पारधी अशा जमातींची सेटलमेंट होती, आणि तिची व्यवस्था काही काळ याच मिशनच्या हाती होती. गुन्हेगार जमातींच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना शिकवावे, औषधपाणी करावे, गिरणीत रोजगार मिळवून द्यावा, आणि सरकारी दप्तरासाठी त्यांची हजेरीही घ्यावी, अशी ती विलक्षण कामगिरी होती. मिशनऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी जी करुणा अन्यायाच्या कायद्यावर आक्षेप न घेता त्याच्या चौकटीत राहून मायेने वागते, ती नकळत त्या कायद्याची कारकून होऊन बसते, हे सोलापूरच्या मंडळींनी आपल्याच इतिहासावरून शिकण्याजोगे आहे. कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. सोलापूरकर त्या वस्तीला आजही सेटलमेंटच म्हणतात.

या विवेचनात मला मेथॉडिझमचा प्रवर्तक जॉन वेस्ली याला आणावयाचे आहे, आणि त्यास थोडा खुलासा हवा. कारण सोलापूरची जुनी मंडळी मेथॉडिस्ट नव्हे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली. परंतु सोलापुराहून पूर्वेस गुलबर्गा-बिदरकडे निघाले की मेथॉडिस्टांचा मुलूख लागतो. शिवाय अमेरिकन मराठी मिशनमधून मुंबईस आलेला आणि मिशनचा पगार नाकारून फकिरासारखा राहिलेला जॉर्ज बोवेनच पुढे विल्यम टेलरबरोबर मुंबईत मेथॉडिझमचा पाया घालणाऱ्यांत होता. १९७० साली नागपुरास उत्तर भारताची मंडळी एकत्र झाली, तेव्हा अमेरिकन मूळ असलेली मेथॉडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली खरी. पण ब्रिटिश मेथॉडिस्ट सोलापूरच्या मंडळीबरोबर त्या ऐक्यात सामील झाले. तेव्हा वेस्लीचा वारसा सोलापूरच्या मंडळीला परका नाही.

या वारशातील मोलाची वस्तू मला वाटते ती वर्गसभा. तिचा जन्म कोण्या दिव्य साक्षात्कारातून नव्हे, कर्जातून झाला. १७४२ साली ब्रिस्टल येथील सभागृहाचे देणे फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्यास एक पेनी द्यावी असे ठरले, आणि ज्याच्याकडे दहा-बारा जणांची वसुली आली तो दारोदार फिरू लागला, तेव्हा घराघरांतले दारिद्र्य, दारूचे व्यसन आणि भांडणतंटे त्याच्या दृष्टीस पडले. पैशाच्या हिशेबातून जगण्याचा हिशेब निघाला, आणि प्रार्थनेची बैठक ही परस्परांस जाब विचारण्याची बैठक झाली.

जाब विचारण्याच्या या सवयीमुळेच वेस्लीची दृष्टी देवळाच्या भिंतींबाहेर गेली. १७७४ साली त्याने गुलामगिरीविरुद्ध लिहिले, ते सर्वश्रुत आहे. त्याआधी, १७७३च्या प्रारंभी प्रसिद्ध झालेल्या, धान्यटंचाईवरील त्याच्या लहानशा पुस्तिकेकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. इंग्लंडात हजारो माणसे उपाशी का, असा प्रश्न घेऊन तो आभाळाकडे पाहत बसला नाही. गहू दारूच्या भट्ट्यांत जातो, ओट श्रीमंतांच्या गाड्यांच्या घोड्यांस जातात, लहान शेते गिळून मोठी शेते झाली आहेत, करांचा बोजा वाढला आहे, असा एकेका जिनसाचा माग काढीत तो ताटापर्यंत आला. त्याच वेस्लीने १७८१ साली मुक्या प्राण्यांनाही अखेरच्या उद्धारात वाटा आहे असे प्रतिपादले, आणि सारी सृष्टी कण्हत आहे या पौलाच्या विचाराला माणसाच्या क्रौर्याने बैल-घोड्यांच्या पाठीवर उठलेल्या वळांचा अर्थ दिला. भाकरीचा न्याय आणि सृष्टीची निगा ही त्याच्या लेखी दोन निराळी खाती नव्हती.

आता सोलापुराकडे वळू. हंगामाच्या सणाला येथल्या खेड्यापाड्यांतल्या देवळांत जे दिसते ते पाहण्यासारखे असते. वेदीपुढे ज्वारीच्या पेंढ्या, करडई, तुरीचे गाठोडे, लाल भोपळे, टोपलीत अंडी. बाकाखाली पाय बांधून ठेवलेला गावरान कोंबडा नेमका उपदेशाच्या मध्यावर आरवतो, आणि पाळकसाहेबही हसतात. उपासना आटोपली की लिलाव होतो. एकच नारळ तीनदा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा प्रभूच्या कामासाठी परत करतो. आणि व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंस, पालवी तशीच ठेवून, उसाच्या मोळ्या बांधलेल्या असतात.

त्या उसाविषयी मला बोलायचे आहे. या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तोही भरवशाचा नव्हे. उसाला लागते ते पाणी दोन हजारांच्या घरात जाते. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ज्वारी काळ्या रानाच्या ओलीवर, एका-दोन पाण्यांत किंवा त्यांवाचूनही, पदरात पडते. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते उगाच नव्हे. असे असूनही राज्यात साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर अग्रभागी आहे. भीमेवरच्या उजनी धरणाची क्षमता ११७ टीएमसीच्या घरात, पण त्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा मृतसाठ्याचा. पाऊस हुकला की धरण ‘मायनसमध्ये’ जाते, कालव्याच्या टेलच्या गावांत आवर्तन पोहोचण्याआधीच संपते, आणि शहरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येते. जिच्या नावे सातबाराच नाही, त्या विडी वळणाऱ्या आणि शेतमजुरी करणाऱ्या बाईच्या वाट्याला टँकरची रांग उरते. मंडळीतल्या निम्म्या बाया याच रांगेतून देवळात आलेल्या असतात.

आणि आपण देवळात पावसासाठी प्रार्थना करतो. ती करावीच, मी प्रार्थनेला कमी लेखणाऱ्यांतला नाही. परंतु शास्त्रातल्या पावसाच्या सर्वांत प्रसिद्ध प्रार्थनेचा क्रम आपण विसरतो. एलिया कर्मेल डोंगरावर गुडघ्यांत डोके घालून पाऊस मागू लागला तो अहाब राजासमोर उभा राहून, देशावरचे हे संकट तुझ्यामुळे आणि तुझ्या घराण्यामुळे आले, असे तोंडावर सांगितल्यानंतर. (त्या कथेतला रक्तपात कोणी आदर्श मानू नये, हे सांगणे नलगे.) तोच राजा पुढे नाबोथाचा द्राक्षमळा बळकावतो, तेव्हाही त्याच्यापुढे उभा राहणारा एलियाच असतो. आपण मात्र राजाची भेट वगळून थेट डोंगरावर जातो.

पर्यावरण रविवारी देवळाच्या आवारात रोपे लावण्याचा प्रघात आता पडला आहे. (छायाचित्र निघाल्यावर त्या रोपाला पाणी घालण्याची पाळी कोणाची, हे ठरलेले मी अद्याप कोणत्याही संस्थेत पाहिले नाही.) दुष्काळी जिल्ह्यात सृष्टीची निगा म्हणजे आधी पाण्याच्या हिस्सेवारीचा प्रश्न आहे. तो न विचारता लावलेले झाड सेटलमेंटमधल्या करुणेच्याच जातीचे, माझ्या मते.

यावर एक आक्षेप मोठ्या कळकळीने घेतला जातो: आपण मूठभर, अल्पसंख्य, साखरेच्या राजकारणात आपण काय म्हणून पडावे? पण मंडळी राजकारणात पडत नाही हे खरेच नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती दलित वगळले गेले. शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत, आणि त्या न्याय्य मागणीसाठी आपल्या मंडळ्यांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, न्यायालयात धाव घेतली. स्वतःच्या हक्कासाठी ज्यांना रस्त्यावर येता आले, त्यांना टेलच्या गावाच्या हक्काचे पाणी एकदम राजकारण वाटावे, हे काही पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऊस लावणारा खलनायक नव्हे. उसाला रास्त व किफायतशीर दर कायद्याने बांधलेला, तोडणी-वाहतूक कारखान्याची, घेणारा ठरलेला. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने माप घेणारा वेळेवर उभा असेलच असे नाही. कर्जात बुडालेला खातेदार मग ज्वारी पेरील कशाच्या भरवशावर? तेव्हा शेतकऱ्याला पापी ठरवून हा प्रश्न सुटत नाही. जाब विचारायचा तो दराच्या धोरणाला, कालव्याच्या वहिवाटीला, आणि मळीच्या मद्यार्कापायी पाण्याची किंमत शून्य धरणाऱ्या व्यवहाराला. भट्टीत जाणाऱ्या गव्हाचा माग काढणाऱ्या वेस्लीला हे गणित समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

अशाने मंडळीत फूट पडेल, असे वडीलधारी म्हणतात, कारण बागायतदार आणि शेतमजूर एकाच बाकावर बसतात. फूट पडूही शकेल. १७४३ साली न्यूकॅसल येथे वेस्लीने तपासणी करून ६४ जणांची नावे वर्गांतून काढली; सर्वाधिक निष्काळजीपणासाठी, सतरा जणांची दारूबाजीसाठी, पण दोघांची दारू विकण्यासाठी, म्हणजे धंद्यासाठी. सोलापूरच्या मंडळींनी कोणाचे नाव खोडावे असे मी मुळीच म्हणत नाही. रब्बीचे आवर्तन ठरविण्यासाठी कालवा सल्लागार समितीची बैठक बसण्याआधीच्या रविवारी, पावसाच्या प्रार्थनेनंतर, कोणत्या गावाला गेल्या खेपेस पाणी पोहोचले नाही आणि आपल्यापैकी कोण त्या बैठकीला निवेदन घेऊन जाणार, एवढे दोन प्रश्न उपासनेत मोठ्याने विचारले जावेत, आणि उत्तर कार्यवृत्तात लिहिले जावे.