कायदेशीर तें सर्व योग्य काय?

कायद्यानें ज्या गोष्टीस परवानगी दिली ती करण्यास हरकत काय, असें पुष्कळ भले लोक विचारितात. अमेरिकेंत खेळांवर लागणाऱ्या पैजांचा अलीकडील इतिहास पाहिला असतां या प्रश्नाचा उलगडा होण्यास मदत होते.

तेथें १९९२ सालच्या एका कायद्यानें, नेवाडासारखीं थोडीं राज्यें वगळून, इतर राज्यांस अशा पैजा खुल्या करण्याची मनाई केली होती. १४ मे २०१८ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा रद्द केला, आणि पुढील कांहीं वर्षांत तीसांहून अधिक राज्यांनीं दारें उघडलीं. लोक चोरून पैजा लावितातच. मग तो पैसा उजेडांत यावा व त्यावरील कर लोकोपयोगी कामीं लागावा, असें पुरस्कर्ते म्हणत. तें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. फोनवरील पैजांत कंपनीजवळ जें उरतें त्यांतून न्यूयॉर्क राज्य शेंकडा ५१ कर घेतें, व त्याचा मोठा भाग शिक्षणाकडे जातो.

परंतु वाचकहो, उरतें तें काय? हरणाऱ्यांनीं गमाविलेल्या रकमेंतून जिंकणाऱ्यांस देऊन राहिलेला पैसा. अर्थात् राज्यही त्या हानींत भागीदार झालें.

आणि हरणारा कोण? पैजा लावणाऱ्यांत तरुण पुरुषांचा भरणा मोठा. आपणांस खेळ कळतो, म्हणून पैसाही मिळेल, अशी त्यांची समजूत. पूर्वीं पैजेसाठीं दूर जावें लागे, किंवा चोरून बुकी गांठावा लागे. तेवढ्या अवधींत मन फिरण्यास संधि होती. आतां अंथरुणांत पडल्यापडल्या फोनवर पैज लागते. जेथें फोनवरील पैजा खुल्या झाल्या तेथें कर्जें थकलीं व दिवाळीं निघण्याचें प्रमाण वाढलें, असें संशोधकांस आढळलें आहे. शिवाय जो वारंवार जिंकतो त्याच्या पैजेवर कंपन्या मर्यादा घालितात. हरणाऱ्यास मात्र बक्षिसांचें आमिष पाठवितात.

कोणी म्हणेल, “मी करमणुकीपुरते दोन पैसे लावितों, त्यांत कोणाचें वाईट?” त्याचें घर बुडत नाहीं, हें खरें. परंतु शेतकरी धान्य देतो व मोल घेतो, तेव्हां दोघेही कांहीं घेऊन घरीं जातात. पैजेंत एकाच्या हातीं जें येतें तें दुसऱ्याच्या घरांतून गेलेलें असतें; आणि ज्याला थांबतां येत नाहीं त्याच्यावरच हा धंदा पोसतो.

आपल्या देशांत ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला. तरी कायदा दार लावूं शकतो; लोभ काढूं शकत नाहीं. म्हणून दार उघडें असो वा बंद, प्रत्येकानें स्वतःस एवढेंच विचारावें: जो पैसा मी जिंकूं पाहतों, तो कोणाच्या मुलांच्या ताटांतला आहे?